साडेनऊ लाख हातात आहेत. गृहकर्जात भरू की म्युच्युअल फंडात टाकू?

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ४४. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, वर्षाचा पगार दहा लाखांच्या आत. बायको घरी शिवणकाम करते. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. २०२१ च्या मध्यात मोशीला टू बीएचके घेतला. कर्ज ३२ लाख, मुदत २० वर्षं. तेव्हा दर ७.१५ टक्के होता आणि हप्ता २५,०९०. आता दर ८.४ आणि हप्ता २६,९८०. परवा ॲपवर बघितलं तर अजून ३० लाख बाकी दाखवतंय!

गावच्या शेतातला माझा हिस्सा धाकट्या भावाने घेतला, त्याचे साडेनऊ लाख आलेत. वडील म्हणतात, सगळे बँकेत भर आणि मोकळा हो. कंपनीतला मित्र म्हणतो, वेडा आहेस का, फंडात टाक, बारा टक्के कुठे जात नाहीत. बायको म्हणते, मुलीच्या बारावीनंतरच्या फीला ठेवा. बँकेतला मुलगा म्हणाला, भरा, हप्ता कमी होईल, पण करसवलत जाईल. याशिवाय कंपनीच्या पतसंस्थेचं सव्वा लाखाचं कर्ज आहे, १२ टक्क्यांनी. ते पगारातून कापलं जातं. बचत खात्यात चाळीस हजार आहेत. एक एसआयपी (फंडातली दरमहाची ठरावीक गुंतवणूक) होती, ती २०२० च्या मार्चमध्ये घाबरून बंद केली. काय करू?

– एक वाचक, मोशी

नमस्कार.

आधी ॲपवरच्या त्या ३० लाखांचं बघू. त्याचा उलगडा झाल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही. जवळपास पाच वर्षांत तुम्ही हप्त्यांपोटी पंधरा लाखांच्या आसपास भरलेत आणि मुद्दल उतरलंय जेमतेम दोन लाख. यात कुणी लबाडी केलेली नाही. तुम्ही कर्ज घेतलंत तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, ४ टक्के होता, तोवरचा सगळ्यात खालचा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली असतात. रेपो अधिक बँकेचा स्प्रेड, म्हणजे बँकेने त्यावर घातलेली भर, हा तुमचा दर. तुमच्या आकड्यांवरून स्प्रेड ३.१५ दिसतो. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ४ वरून ६.५० वर गेला आणि त्याच्याबरोबर तुमचा दर ७.१५ वरून ९.६५ वर.

त्या दराला मूळ मुदतीतच कर्ज फेडायचं म्हटलं असतं, तर हप्ता तीस हजारांच्या वर गेला असता. बँकेने हप्ता दोनेक हजारांनीच वाढवला आणि बाकीचा भार मुदतीवर ढकलला. तुम्हाला त्या वेळी बरंच वाटलं असणार, खिशाला फारसा चटका बसला नाही म्हणून. पण माझ्या हिशोबाने २०२३ मध्ये तुमचं कर्ज आणखी सव्वीस-सत्तावीस वर्षांचं झालं होतं. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीपासून रेपो उतरायला लागला, डिसेंबरात ५.२५ वर आला, तशी मुदतही आटली. तरीही आजच्या आकड्यांवर २१६ हप्ते उरतात, म्हणजे १८ वर्षं. करारात लिहिल्याप्रमाणे आता पंधरा-सव्वापंधरा वर्षं उरायला हवी होती. शेवटचा हप्ता भराल तेव्हा तुम्ही ६२ चे असाल. तुमच्याकडे निवृत्तीचं वय ५८ असेल, तर चार वर्षं पगाराशिवाय २७ हजार कुठून काढायचे, हा विचार आजच करावा लागेल.

माझ्या मते तुमच्या घरात चाललेल्या वादात या मुदतीचं नाव कुणीच घेतलेलं नाही. वडील कर्जाबद्दल बोलतात, मित्र परताव्याबद्दल, बँकेतला मुलगा हप्त्याबद्दल. तुम्ही मुदत पकडा.

तरीसुद्धा पहिला रुपया गृहकर्जात जाणार नाही. तो पतसंस्थेत जाईल. १२ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून ८.४ टक्क्यांचं फेडण्यात काही अर्थ नाही. पगारातून परस्पर कापलं जातं म्हणून ते जाणवत नाही, इतकंच. सव्वा लाख भरून ते खातं बंद करा आणि जामीन राहिलेल्या सहकाऱ्यांनाही एकदाचं सोडवा. दर महिन्याची कपात थांबेल, तो पैसा कुठे वळवायचा ते पुढे सांगते.

मग सव्वादोन लाख बाजूला काढा. घरखर्च आणि हप्ता मिळून तुमचं महिन्याचं भागायला पंचावन्न-साठ हजार लागत असतील असं मी धरते. म्हणजे हे चार महिन्यांचे पैसे झाले. दोन-तीन छोट्या मुदत ठेवी करा, एकच मोठी नको, म्हणजे गरज पडली तर सगळी मोडावी लागणार नाही. हा पैसा मोकळा ठेवायचा आग्रह अशासाठी की गृहकर्जात भरलेली रक्कम परत काढता येत नाही. वाहन उद्योगात ऑर्डरी घटल्या की काय होतं, हे तुम्ही चाकणला राहून माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. नोकरी गेली आणि तुम्ही बँकेत जाऊन म्हणालात, ‘मागच्या वर्षी मी लाखो रुपये जास्त भरलेत, त्यातून सहा महिने हप्ते वळते करून घ्या’, तर बँक ऐकत नाही. हप्ता चुकला तर चुकला. वडिलांचा ‘सगळे भर’ हा सल्ला मला म्हणूनच अर्धवट वाटतो. बाकी त्यांचं म्हणणं दोन-तृतीयांश बरोबर आहे.

काही बँकांत गृहकर्ज ओव्हरड्राफ्टच्या रूपात मिळतं, स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे त्यातलं ओळखीचं नाव. त्यात जादा पैसे ठेवले की तेवढ्यावरचं व्याज थांबतं आणि लागले तर काढताही येतात. ज्यांचं उत्पन्न महिन्यागणिक वर-खाली होतं, त्यांना ते सोयीचं. पगारदार माणसाला मी सहसा सुचवत नाही, कारण काढता येणारा पैसा काढला जातो. दिवाळीत गाडीचं मॉडेल बदलतं आणि कर्ज होतं तिथेच राहतं.

आता उरलेले सहा लाख. हे कर्जात भरा. बाकी राहील २४ लाख. यानंतर बँक तुमच्यापुढे दोन वाटा ठेवेल, किंवा ठेवणारही नाही, आपल्या मनाने एक धरेल. पहिली वाट: मुदत तीच, हप्ता कमी. हप्ता २६,९८० वरून सुमारे २१,५८० होईल आणि २१६ महिने चालेल. दुसरी: हप्ता तोच, मुदत कमी. २१६ ऐवजी १४० हप्ते, म्हणजे सहा वर्षं चार महिने आधी सुटका, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या आतच. पहिल्या वाटेने आयुष्यभराचं व्याज वाचतं साधारण पावणेसहा लाख, दुसऱ्या वाटेने साडेचौदा लाख. हिशोब दर ८.४ वरच राहील असं धरून केलाय; तो राहणार नाही, पण दोन वाटांमधलं अंतर यातून कळतं.

यात जादू काही नाही, हे मात्र नीट समजून घ्या. दुसऱ्या वाटेने व्याज जास्त वाचतं ते तुम्ही दरमहा ५,४०० रुपये जास्त भरत राहता म्हणून. पहिल्या वाटेने सुटलेले ५,४०० एखाद्याने खरोखर नेमाने कुठे गुंतवले, तर तोही शहाणाच. पण सुटलेले पाच हजार घरात दिसतात कुठे? किराणा, मुलाचा क्लास, मोबाइलचा हप्ता यांत ते मुरतात. तुम्हाला २६,९८० भरायची सवय झालेली आहे, त्या सवयीला हात लावू नका. हप्ता कमी करून घ्यावा तो नोकरीची खात्री नसलेल्याने किंवा घरातला दुसरा पगार बंद होणार असेल त्याने. तुम्ही त्यांत बसत नाही.

तुमच्यात दम असेल तर एक पाऊल पुढे जा. सहा लाख भरल्यानंतर दर वर्षी पगारवाढ झाली की हप्ता पाच टक्क्यांनी वाढवायला सांगा: पहिल्या वर्षी २६,९८०, मग २८,३३०, मग २९,७५०. असं करत गेलात तर १४० हप्त्यांचे १०७ होतात. अठरा वर्षांचं कर्ज नऊ वर्षांत. अर्थात हा आकडा भिंतीवर लिहून ठेवू नका, मुलीची फी आली की त्यात खंड पडणारच, आणि पडू द्यावा. हप्ता वाढवण्याची भानगड नको असेल तर दिवाळीच्या बोनसमधून वर्षाला एक जादा हप्ता भरला तरी चालतं. सहा लाख न भरताही नुसत्या या एका हप्त्याने तुमच्या १८ वर्षांतली पावणेतीन वर्षं गेली असती. फक्त ज्या महिन्यात पैसा आला त्याच महिन्यात भरा, मार्चची वाट बघू नका. व्याज रोजच्या रोज चढत असतं.

दंडाची भीती कुणी घातली असेल तर ती काढून टाका. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर आगाऊ फेडीसाठी व्यक्तिगत कर्जदाराकडून दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच मनाई केली आहे. तुमचं कर्ज रेपोला बांधलेलं आहे म्हणजे फ्लोटिंगच आहे. ज्यांचं पहिली दोन-तीन वर्षं स्थिर दराचं आणि मग फ्लोटिंग होणारं असतं, त्यांनी मंजुरीपत्र वाचून मगच चेक फाडावा.

आता मित्राच्या बारा टक्क्यांबद्दल. शेअर बाजारावर माझा राग नाही. पंधरा वर्षं हात न लावता पैसा ठेवणाऱ्याला इक्विटी फंडाने ८.४ पेक्षा जास्त देणं शक्य आहे. पण ‘कुठे जात नाहीत’ हे शब्द त्यांनी मागे घ्यावेत. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून जास्त अंकांनी कोसळला होता, साधारण १३ टक्के. तुम्ही एसआयपी बंद केलीत ती याच महिन्यात. आणि ती तुमच्या पगारातली दरमहाची रक्कम होती. शेताच्या हिश्श्याचे सहा लाख एखाद्या वर्षी सव्वाचार लाख दिसले, तर तुमच्या घरात काय बोलणं होईल याची कल्पना करा, विशेषतः वडिलांसमोर. कर्जात भरलेल्या रुपयावर मात्र ८.४ टक्के वाचणारच, आणि वाचलेल्या व्याजावर कुणी कर लावत नाही. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ आहे. मोठ्या बँकांच्या साध्या मुदत ठेवी तुम्हाला आज ८.४ देणार नाहीत, आणि देतील त्यावर कर वेगळा. जोखीम न घेता एवढा परतावा देणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

करसवलत जाईल म्हणणाऱ्या मुलाने तुमचा पगार विचारला नसावा. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही, आणि तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावटही नाही. दहा लाखांच्या आतला पगार असेल तर तुमचा कर शून्य. नसलेल्या करातली सवलत कशी जाईल? समजा तुम्ही अजून जुन्या प्रणालीत आहात. तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावट वर्षाला २ लाखांवर अडते. ३० लाखांवर ८.४ ने वर्षाचं व्याज अडीच लाख होतं, म्हणजे वरचे पन्नास हजार तसेही वाया जात होते. २४ लाखांवर ते दोन लाखांच्या आसपास येतं. थोडक्यात, सहा लाख भरूनही पहिल्या वर्षी तुमची वजावट जवळपास शाबूत.

शेताच्या पैशावर कर लागतो का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. जमीन प्राप्तिकर कायद्याच्या व्याख्येत ग्रामीण शेतजमीन म्हणून बसत असेल, तर तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. गाव एखाद्या नगरपालिकेच्या हद्दीपासून किती दूर आहे आणि तिथली लोकसंख्या किती, यावर ते ठरतं. सहा लाख भरण्याआधी एखाद्या सीएकडून हे तपासून घ्या, नाहीतर पैसा कर्जात अडकेल आणि कर भरायला पुन्हा पतसंस्थेच्या दारात जावं लागेल.

बायकोचं म्हणणं तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलंत. तीन वर्षांनी फी येणार हे तुमच्या घरातलं एकमेव खात्रीचं भविष्य आहे. त्यासाठी हे सहा लाख अडवून ठेवू नका, पण पतसंस्थेची थांबलेली कपात तिच्या हातात द्या. बँकेत तीन वर्षांची आवर्ती ठेव, मुलीच्या फीच्या नावाने. पाच हजार कपात असेल तर तीन वर्षांत मुद्दलच एक लाख ऐंशी हजार होतं. कमी पडले तर हप्त्यातली वार्षिक पाच टक्के वाढ दोन वर्षं थांबवा. त्यावरही कमी पडले तर शैक्षणिक कर्ज आहे, आणि त्याची परतफेड साधारणपणे शिक्षण संपल्यावर सुरू होते. मित्राला बरं वाटावं म्हणून नव्हे, तर तुमची सवय पुन्हा लागावी म्हणून, दोन हजारांची एसआयपी सुरू केलीत तर माझी हरकत नाही. बाजार पडला तर मात्र ॲप उघडू नका.

तुमच्या दराबद्दलही थोडं बोलायचं आहे. ३.१५ चा स्प्रेड जास्त आहे. चांगला क्रेडिट स्कोअर असलेल्या नव्या ग्राहकाला बँका याहून बऱ्याच कमी स्प्रेडने कर्ज देतात आणि जुन्या ग्राहकाला कुणी आपणहून बोलावून सांगत नाही. शाखेत जा आणि स्प्रेड कमी करून मागा. त्यासाठी बँक काही शुल्क घेईल. दर ०.७ ने जरी उतरला तरी २४ लाखांवर पहिल्या वर्षीच सुमारे सतरा हजार वाचतात, तेव्हा शुल्काचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. बँक बधली नाही तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याची भाषा करा. बऱ्याचदा नुसत्या भाषेनेच काम होतं. प्रत्यक्ष हलवायचं झालं, तर प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध-अहवाल आणि महाराष्ट्रात नव्या गहाणाचं मुद्रांक शुल्क व नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची निबंधक कार्यालयात द्यायची सूचना) हा खर्च पुन्हा येतो. तो धरूनच ठरवा.

टर्म इन्शुरन्सचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. नसेल तर चेक देण्याच्या आधी घ्या. तुम्हाला काही झालं, तर २४ लाखांची बाकी शिलाई मशीनवर फिटणार नाही. कर्ज घेताना बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी असेल तर तिचं संरक्षण दर वर्षी घटत जाणारं आहे का, एवढं कागद काढून बघा.

आता प्रत्यक्ष काम. ॲपवरून परस्पर पार्ट पेमेंट करू नका. बऱ्याच ठिकाणी मुदत की हप्ता हे तिथे नीट विचारलंच जात नाही. शाखेत दोन प्रतींत अर्ज द्या. त्यात कर्ज खाते क्रमांक, भरायची रक्कम आणि हे वाक्य हवं: ‘ही रक्कम मुद्दलात जमा करून मासिक हप्ता रु. २६,९८० कायम ठेवावा व कर्जाची मुदत कमी करावी.’ दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. नव्या परतफेडीचा तक्ता मागा. काउंटरवर कुणी ‘सिस्टीममध्ये तसं होत नाही’ म्हणालं तर भांडू नका, तेवढंच अर्जावर लिहून द्या म्हणा. मी काउंटरच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं काढली आहेत. लिहून द्या म्हटलं की सिस्टीममध्ये बऱ्याच गोष्टी व्हायला लागतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलंय की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, ही निवड कर्जदाराला द्यायची. शिवाय दर तिमाहीला एक विवरण द्यायचं, ज्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या असते. ते तुमच्या ईमेलमध्ये न उघडता पडलेलं असण्याची शक्यता दाट. ते उघडा. रेपो पुन्हा वर गेला की बँकेचा संदेश येईल. तेव्हा गप्प बसलात तर भार पुन्हा मुदतीवर जाईल.

ज्या वाचकांचं कर्ज आताच संपत आलंय त्यांच्यासाठी: १ डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे की पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रं परत मिळाली पाहिजेत, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हातात आल्यावर सोसायटीच्या दफ्तरी लागलेला बँकेचा बोजाही उतरवून घ्या. घर विकायची वेळ येईपर्यंत बहुतेकांच्या हे लक्षात येत नाही.

तुमचा अर्ज देऊन महिना झाला की खात्याचा उतारा काढा. बाकी २४ लाखांच्या खाली, हप्ता २६,९८० आणि उरलेले हप्ते १४० च्या आत-बाहेर, असं दिसलं तर ठीक. हप्ता साडेएकवीस हजारांवर उतरलेला दिसला, तर पोच घेतलेली प्रत घेऊन त्याच आठवड्यात शाखा व्यवस्थापकांना भेटा.